न्याहारीतलं पाणी

पोहे, थालीपीठ, घावन, साबुदाण्याची खिचडी, उकड. सुट्टीच्या सकाळी घरच्यांसाठी काहीतरी खास करायचं म्हटलं की यातलं एखादं पुरतं. सामान बहुतेक घरात असतंच. अडतं ते पाण्यापाशी. पोह्यांचा गोळा झाला, थालीपीठ फडक्याला चिकटून बसलं, घावनाला जाळीच पडली नाही, खिचडी गिच्च झाली, या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोन-चार चमचे पाणी कमी किंवा जास्त झालेलं असतं. म्हणून इथे मसाल्यांपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मापाची वाटी १५० मिलिलिटरची, म्हणजे नेहमीची आमटीची वाटी धरली आहे. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. नुसता ‘चमचा’ म्हटलंय तिथे चहाचा. प्रमाण दोघांपुरतं आहे, फक्त उकडीचं एकट्यापुरतं.

आधी कांदेपोहे. पोहे हे मुळात शिजलेलं धान्य आहे. साळी भिजवतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपून त्यांचे पोहे करतात. त्यामुळे पोह्यांना शिजवावं लागत नाही, पाणी आणि वाफ एवढंच लागतं. जे पोहे कढईत पंधरा मिनिटं परतले जातात ते म्हणूनच चिवट होतात.

दोघांना १५० ग्रॅम जाड पोहे, साधारण तीन वाट्या. ते आधी चाळून घ्या. तळाचा भुगा सगळ्यात आधी पाणी पितो, त्याची खळ होते आणि ती बाकीचे पोहे एकमेकांना चिकटवते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात पोहे बुडवून ठेवायचे नाहीत. चाळणीत घेऊन नळाखाली हाताने हलवत दोनदा धुवायचे, चाळणी तिरकी धरून निथळू द्यायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. या दहा मिनिटांत दाण्याच्या बाहेरचं पाणी आत मुरतं. एक दाणा बोटांत दाबला तर सहज चिरडला पाहिजे, आणि मूठभर पोहे दाबून मूठ उघडली तर ते परत मोकळे झाले पाहिजेत. मध्ये कडक कणी लागली तर चमचाभर पाणी शिंपडून आणखी पाच मिनिटं झाकायचे. पाणी जास्त झालं असेल तर ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचे आणि पुढे वाफ एकच मिनिट द्यायची.

पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा साखर याच भिजलेल्या पोह्यांवर घालून हलक्या हाताने मिसळा. कढईत घातलेलं मीठ सगळीकडे पोचावं म्हणून पोहे फार ढवळावे लागतात आणि दाणा मोडतो.

तीन मोठे चमचे तेल तापवून त्यात शेंगदाणे तळून बाजूला काढा. ते कढईतच राहिले तर वाफेने मऊ पडतात. त्याच तेलात अर्धा चमचा मोहरी, ती तडतडली की हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, तीन हिरव्या मिरच्या. घरात लहान मुलं असतील तर मिरचीचे मोठे तुकडे करा, म्हणजे वेचून काढता येतात. मग दोन मध्यम कांदे. कांदा पारदर्शक झाला की थांबायचं. तो तांबूस होईपर्यंत परतला तर त्यातलं पाणी उडून जातं, आणि पोह्यांना मऊ ठेवायला ते पाणी हवं असतं. हळद अर्धा चमचा, कांद्यानंतर घाला. नुसत्या तापल्या तेलात ती लगेच करपते आणि पोहे कडवट, मातकट रंगाचे होतात. आता पोहे घालून एकदा वरखाली करा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर तीन ते चार मिनिटं एक दणदणीत वाफ येऊ द्या. मधूनमधून झाकण उघडून बघायचा मोह आवरायला हवा, दर वेळी वाफ निघून जाते. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळा. आचेवर पिळलेल्या लिंबाचा वास उडतो. वरून शेंगदाणे, ओलं खोबरं, कोथिंबीर.

नागपूरकडे पोह्यांवर हरभऱ्याची तिखट तर्री येते. तसं करायचं असेल तर पोहे एकदाच धुवून जरा कोरडे ठेवा, कारण उरलेलं पाणी रश्शातून मिळणार असतं. माणसं जास्त आणि उठायच्या वेळा वेगवेगळ्या असतील तर इंदूरची पद्धत उपयोगी पडते. तिथे पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेलं असतं. घरी वर पोह्यांचं भांडं, खाली पाण्याचं पातेलं आणि त्याखाली अगदी मंद आच अशी मांडणी केली तर तासभर पोहे मऊ राहतात. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केलेल्या पोह्यांना तो मऊपणा राहत नाही.

दडप्या पोह्यांत तर पाणी मुळीच घालायचं नाही. हे कोकणातले पोहे, आणि यांना पातळ पोहेच हवेत. जाड पोहे तेवढ्या ओलाव्यात भिजत नाहीत. तीन वाट्या पातळ पोह्यांना एक वाटी ताजं खवलेलं खोबरं, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धं लिंबू, मीठ, साखर आणि मिठात चुरडलेल्या दोन मिरच्या. आधी खोबरं, कांदा, मीठ, साखर, लिंबू एकत्र करून पाच मिनिटं ठेवायचं, म्हणजे त्याला पाणी सुटतं. मग पोहे घालून हाताने कालवायचे आणि वर ताटली ठेवून, दडपून पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचे. नाव त्यावरूनच पडलं. कोरडे वाटले तर दोन मोठे चमचे शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी. वरून मोहरी-हिंग-हळदीची फोडणी ओतायची, पण फोडणी मिनिटभर निवू द्या. कडकडीत तेल पडलेल्या जागचे पोहे आक्रसतात. सोबत पोह्याचा तळलेला पापड चुरून, अगदी खाताना. डबाबंद सुक्या खोबऱ्याच्या किसाने हे पोहे होत नाहीत, कारण त्यात भिजवायला ओलावाच नसतो. परदेशात गोठवलेलं खवलेलं खोबरं मिळतं ते चालतं, मात्र ते रात्रीच फ्रीझरमधून बाहेर काढायला हवं. थंडगार खोबऱ्यात पोहे नीट मुरत नाहीत.

साबुदाणा सगळ्यांत जास्त शिक्षा देतो, कारण त्याची चूक रात्री झालेली असते आणि कळते सकाळी. टॅपिओकाच्या कंदातल्या पिठाचे हे गोळे. दाण्यांवर सुकं पीठ चिकटलेलं असतं आणि चिकटपणा त्या पिठामुळे येतो. म्हणून एक वाटी साबुदाणा पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, निदान तीन वेळा, हाताने हलकेच चोळून धुवा. मग सगळं पाणी काढून टाका आणि दाण्यांच्या पातळीला येईल इतकंच पाणी ठेवा. त्यापेक्षा वर नको. पसरट भांड्यात भिजवला तर तळाचा आणि वरचा दाणा सारखा भिजतो, उंच भांड्यात तळाशी लगदा होतो आणि वर कडक राहतो. पाच-सहा तासांनी दाणा बोटात दाबला की मऊ भुगा झाला पाहिजे. काही साबुदाणा जास्त पाणी मागतो, तेव्हा नव्या पाकिटातला पहिल्यांदाच करताय तर रात्री झोपायच्या आधी एकदा हात लावून बघा आणि कोरडा वाटला तर पाण्याचा एक हबका मारा.

सकाळी कढई तापायच्या आधीच साबुदाण्यात अर्धी वाटी दाण्याचं कूट, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा साखर मिसळा. कूट दाण्यांवरचं उरलेलं पाणी ओढून घेतं आणि प्रत्येक दाण्याला वेगळं ठेवतं. कूट फार बारीक करू नका, बारीक वाटलं की शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि गोळे होतात. दीड-दोन मोठे चमचे तूप, जिरं, मिरची, उकडलेल्या एका बटाट्याच्या फोडी परतून त्यावर साबुदाणा. मध्यम आच, खालून वर असं उलथन्याने हलवायचं. दाणे पांढऱ्याचे पारदर्शक होऊ लागले की झाकण ठेवून दोन मिनिटं, आणि लगेच उतरवा. सगळे दाणे पारदर्शक होण्याची वाट बघितली तर ताटात येईपर्यंत खिचडी रबरासारखी होते, कारण ती उतरवल्यावरही स्वतःच्या उष्णतेने शिजत राहते.

थालीपिठाची खरी तयारी मात्र आदल्या रात्रीची नसते, आदल्या महिन्याची असते. विकतच्या भाजणीत काही वाईट नाही, पण घरी केलेल्या भाजणीचा डबा उघडल्यावर जो वास येतो त्यासाठी एक दुपार घालवावी. ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर जिरं जळून जातं तेव्हा हरभरा डाळ कच्चीच असते. डाळीला खमंग वास सुटला आणि रंग किंचित बदलला की पुरे. सगळं पूर्ण निवल्यावर दळायला द्या. गरम धान्याची वाफ पिठात धरते आणि डब्यात गुठळ्या होतात. दळण किंचित रवाळ हवं. बाजरीमुळे ही भाजणी कडवट व्हायला वेळ लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती फ्रीजमध्ये ठेवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा.

दोन वाट्या भाजणीत एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, एक चमचा मीठ, चमचाभर तीळ आणि एक मोठा चमचा गरम तेल. पाणी कोमट घ्या, पाऊण वाटीपासून सुरुवात करा. धान्य भाजलेलं असल्यामुळे पीठ पाणी सावकाश पितं, तर मिठामुळे कांद्याला पाणी सुटत जातं. या दोन्हींचा मेळ दहा मिनिटांपुरता बसतो. तेवढं झाकून ठेवलेलं पीठ थापायला उत्तम, अर्ध्या तासाने तेच सैल आणि चिकट होतं. चार थालीपिठांपलीकडे करायची असतील तर कोरडं मिश्रण तयार ठेवून पीठ दोन भागांत भिजवा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा, बोट दाबलं की खड्डा पडावा आणि कडांना चीर जाऊ नये. थापताना कडा फाटत असतील तर पाणी कमी आहे, फडक्यावरून सुटत नसेल तर जास्त.

ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यावर पाण्याचा हात लावून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जरा कमी जाडीचं थापा. मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडा. त्या भोकांतून तेल तव्यापर्यंत पोचतं आणि खालची वाफ वर येते, म्हणून मधला भाग कच्चा राहत नाही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा असेल तर तोच घ्या. तवा मध्यम तापवून थालीपीठ फडक्यासकट उलटं टाका, फडकं सोडवा, प्रत्येक भोकात आणि कडेने थेंब-थेंब तेल, आणि झाकण. मंद ते मध्यम आचेवर चार मिनिटं. सुरुवातीला चुर्र असा जोराचा आवाज येतो, तो हळू झाला की आतलं पाणी बरंचसं उडालं असं समजून उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं, म्हणजे कुरकुरीत होते. मोठ्या आचेवर बाहेरून काळं आणि आतून पिठूळ असं थालीपीठ तयार होतं, त्याला नंतर काही उपाय नाही. वर घरचं लोणी, बाजूला दही आणि ठेचा. लोणी थालीपीठ ताटात पडल्यावर घाला, ते विरघळताना बघण्यातही सुख आहे.

ज्यांना थालीपीठ जड वाटतं त्यांच्यासाठी घावन. एक वाटी तांदळाचं पीठ, सव्वादोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ. बास. पहिल्यांदा करणाऱ्याला हे ताकासारखं पातळ पीठ बघून भीती वाटते आणि तो आणखी पीठ घालतो. तिथेच घावन बिघडतं. जाळी पडते ती तापलेल्या तव्यावर पातळ पिठातलं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं म्हणून. दाट पिठातून वाफेला वाट काढता येत नाही, मग गुळगुळीत पांढरी चकती होते. पीठ जुनं, फार कोरडं असेल तर दोन-तीन मोठे चमचे पाणी आणखी लागतं. कालवून वीस मिनिटं ठेवा आणि दर घावनाआधी तळापासून ढवळा, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं. न ढवळता घातलं तर पहिली घावनं फाटतात आणि शेवटची जाड होतात.

बिडाचा तवा चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडाला पाहिजे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवा. पीठ वाटीने कडेपासून आत असं गोल ओतायचं, डावाने पसरवायचं नाही, पसरवलं की जाळी पुसली जाते. राहिलेल्या फटींत दोन थेंब टाका. झाकण मिनिटभर, कडा सुटल्या की काढा. उलटायची गरज नाही, हवं तर अर्धा मिनिट उलटा. पहिलं घावन तव्याला चिकटणारच, त्यावरून तवा कळतो. काचेच्या शेगडीवर किंवा इंडक्शनवर बीड तापायला सात-आठ मिनिटं लागतात आणि गार पीठ पडलं की तवा थोडा निवतोही, म्हणून दोन घावनांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा.

कोकणात गौरीच्या सणाला घावन-घाटलं करतात. एरवीच्या सकाळी सोबत खोबऱ्याची हिरवी चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ किंवा नारळाचा गोड रस. रसाला एका नारळाचं खोबरं एक वाटी कोमट पाण्यात वाटून पिळून घ्या. त्यात अर्धी ते पाऊण वाटी चिरलेला गूळ न तापवताच विरघळवा, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. गूळ घातलेला रस उकळला की फाटतो. गाळून घेतला तर गुळातला कचरा निघतो.

उपम्याचं थोडक्यात. एक वाटी रवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजलेला हवा, आणि पाणी उकळतं हवं. मऊ हवा असेल तर अडीच वाट्या, मोकळा हवा असेल तर दोन. गार पाण्यात रवा पडला तर गुठळ्या होतात. गोडाच्या शिऱ्यात रवा पूर्ण फुलल्याशिवाय साखर घालायची नाही. साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि रवा तिथेच फुलायचा थांबतो. मग कितीही वाफ दिली तरी कण दाताखाली येतो.

चौघांना एकत्र बसून खायचं असेल तर पोहे, उपमा किंवा खिचडी करा. थालीपीठ आणि घावन दोघांसाठी ठेवा, नाहीतर करणारा माणूस तव्यापाशी अडकतो आणि बाकीच्यांचं खाऊन होतं. दोन तवे असतील तर गोष्ट वेगळी. आदल्या रात्री खोबरं खवून ठेवता येतं, कोथिंबीर निवडून ठेवता येते, दही लावता येतं. कांदा मात्र सकाळीच चिरा, रात्रभर ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो.

आणि एकटं असताना उकड. स्वतःपुरतं कशाला काही करायचं म्हणून चहा-बिस्किटावर भागवणाऱ्यांनी ही एकदा करून बघावी, पंधरा मिनिटांत होते आणि एकच कढई लागते. पाऊण वाटी तांदळाचं पीठ, सव्वादोन वाट्या आंबट, पातळ ताक. पीठ गार ताकातच कालवायचं, हाताने गुठळ्या मोडत. मीठ आणि चिमूटभर साखर त्यातच. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या, मिरची, कढीपत्ता आणि अगदी थोडी हळद. फोडणी झाली की आच कमी करून कालवलेलं पीठ ओता आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते एकदम आळतं. इथे हात थांबला तर गुठळी ठरलेली. चकाकी यायला लागली की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ द्या, मध्ये एकदा ढवळा. वाफ कमी पडली तर पिठूळ चव राहते. फार घट्ट वाटली तर गरम पाणी घाला, गार ताक घातलं तर ते वेगळं राहतं. ताक गोडं असेल तर उकड मिळमिळीत लागते, मग थोडं लिंबू पिळा. खोलगट ताटलीत वाढून मध्ये खळगा करायचा आणि त्यात चमचाभर कच्चं तेल किंवा तूप. कडेने खायला सुरुवात करा, मधली बराच वेळ चटका देते. कढईला चिकटलेली खरपूड उलथन्याने काढून शेवटी खायची, ती कुणाला वाटून द्यावी लागत नाही.